३५० बुलेटच्या फ्रेममध्ये ५०० चं इंजिन: फाउंडेशन बोल्ट पुन्हा पुन्हा सैल होत असतील तर

जुन्या कास्ट आयर्न बुलेट ३५० च्या फ्रेममध्ये ५०० चं इंजिन बसतं, आणि तेही फार कापाकापी न करता. दोन्ही इंजिनांचा स्ट्रोक ९० मिमी. फरक बोअरचा: ३५० चा ७० मिमी, ५०० चा ८४ मिमी. म्हणून ३४६ सीसीच्या जागी ४९९ सीसी येतात आणि ताकद १८ हॉर्सपॉवरवरून २२ वर जाते. दोन दिवसांत काम होतं, गाडी चालू होते, चढावर जोरही जाणवतो. अडचण सुरू होते ती पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरनंतर. पुढचे फाउंडेशन बोल्ट, म्हणजे इंजिन फ्रेमला धरणारे बोल्ट, सैल होतात, आवळले की पुन्हा सैल होतात. मग पान्याला पाइप लावून आवळले जातात, आणि शेवटी स्टड तुटतो किंवा क्रँककेसचा कान (बोल्ट जातो तो भाग) तडकतो.

बोल्ट आपोआप सैल होत नाही. त्याने धरलेले दोन भाग एकमेकांवर सरकतात, म्हणून तो सैल होतो. ते का सरकतात हे सापडेपर्यंत जास्त जोर लावून फक्त नुकसान वाढतं. बुलेटमध्ये हे जास्त महत्त्वाचं, कारण या फ्रेमला इंजिनाखालून जाणाऱ्या नळ्या नाहीत. पुढची नळी खाली येते आणि इंजिनापाशी थांबते. तिथून मागच्या प्लेट्सपर्यंतचं अंतर इंजिन आणि गिअरबॉक्स स्वतःच जोडतात. इंजिन नीट धरलेलं नसेल तर त्या क्षणी तुमची फ्रेमच अर्धवट असते.

इथले सगळे आकडे इंजिनापासून सुटा गिअरबॉक्स आणि सीबी पॉइंट (ठिणगीची वेळ ठरवणारा यांत्रिक स्विच) असलेल्या कास्ट आयर्न इंजिनांचे आहेत. नंतरच्या एव्हीएल किंवा यूसीई इंजिनाला ते लावू नका.

लक्षणं

सगळी एकदम दिसत नाहीत. यातली दोन-तीन एकत्र दिसली तरी पुढच्या तपासण्या क्रमाने करा.

- ६०-६५ च्या वेगाला हँडलच्या मुठी आणि फूटरेस्टमधून बारीक, सलग मुंग्या. ८० ला हात बधिर.
- पुढच्या फाउंडेशन प्लेटचे नट सैल, प्लेटच्या कडेला तांबूस-काळी भुकटी. ही भुकटी म्हणजे घासलेलं लोखंड. ती दिसली की तिथे हालचाल आहे, पुरावा वेगळा लागत नाही.
- हेड स्टेची पट्टी (इंजिनाचं हेड वरच्या नळीला धरणारी) किंवा तिचा वेल्ड तुटणं, नंबरप्लेट आणि मडगार्डचे स्टे तडकणं, हेडलाइटचे बल्ब वारंवार जाणं.
- थ्रॉटल सोडला-धरला की खालून 'खट्ट' आवाज.
- मागच्या स्प्रॉकेटचे दात एकाच बाजूने चकचकीत, चेन कधी कधी उडते.
- प्रायमरी कव्हरमधून (इंजिन ते क्लच चेनच्या झाकणातून) ऑइल, नवीन गास्केट टाकूनही.
- चढावर वरच्या गिअरमध्ये इंजिनाचा आवाज वाढतो, वेग वाढत नाही.

१. हादरा इंजिनाचा की चाकांचा (खर्च शून्य)

गाडी डबल स्टँडवर घ्या, इंजिन गरम करा, न्यूट्रलमध्ये हळूहळू थ्रॉटल वाढवा. जो हादरा ७० च्या वेगाला येतो तोच उभ्या गाडीत ठरावीक आवाजाला आला, तर कारण इंजिन किंवा त्याची पकड. उभ्या गाडीत तो आला नाही आणि चालत्या गाडीतच आला, तर चेन, स्प्रॉकेट, टायर, रिम यांच्याकडे जा. खात्रीसाठी रिकाम्या सरळ रस्त्यावर त्याच वेगाला क्लच दाबून इंजिन आयडलवर येऊ द्या. हादरा टिकला तर तो चाकांचा.

पाच मिनिटांची ही परीक्षा बहुतेक जण टाळतात आणि थेट इंजिन उतरवतात. चाकाचा हादरा असताना उतरवलेलं इंजिन परत चढवताना आधी बरोबर असलेली बैठकही बिघडू शकते.

२. स्पार्क, टायमिंग, कार्बोरेटर

टायमिंग पुढे गेलेलं ५०० चं इंजिन फ्रेमला हातोडा मारल्यासारखं चालतं. मोठ्या पिस्टनवर दाब लवकर आला की तो पिस्टन अजून वर येत असतानाच त्याला ढकलतो. किक उलटी मारत असेल तर इथेच थांबा आणि हे आधी दुरुस्त करा, कारण ५०० ची उलटी किक घोटा मोडू शकते.

सीबी पॉइंटचा गॅप ०.३५ ते ०.४० मिमी, प्लगचा सुमारे ०.५ मिमी. कॉम्प्रेशन स्ट्रोकवर पिस्टन टीडीसीच्या (सगळ्यात वरच्या जागेच्या) ०.८ मिमी आधी असताना पॉइंट नुकते उघडायला लागले पाहिजेत, ऑटो अ‍ॅडव्हान्सची (वेगाबरोबर ठिणगी लवकर आणणारी) वजनं पूर्ण मिटलेली असताना. उघडण्याचा क्षण पकडायला इग्निशन चालू ठेवून अँपिअर मीटरकडे बघा: पॉइंट बंद असताना काटा डिस्चार्जकडे झुकलेला असतो, उघडताक्षणी मध्यावर येतो. कॅम बोटाने फिरवून सोडला की तो झटक्यात मागे आला पाहिजे. सुस्त परत येत असेल तर वजनांच्या स्प्रिंगा ढिल्या झाल्या आहेत, आणि मग स्थिर टायमिंग कितीही अचूक लावलं तरी चालत्या गाडीत ते पुढेच राहणार.

टॅपेट लावायचे ते इंजिन पूर्ण थंड असताना. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीला आणा; पुशरॉड बोटांनी फिरला पाहिजे, पण वर-खाली अजिबात हलता कामा नये.

इंजिनाबरोबर कार्बोरेटर बदललाय का ते बघा. ३५० वर २४ मिमीचा मिककार्ब येतो, ५०० वर २८ मिमीचा. लहान कार्बोरेटर ठेवून दिलेला असला तर खालच्या वेगाला गाडी ठीक वाटते. वर इंजिनाचा श्वास कोंडतो, आणि ३५० चेच जेट राहिले असतील तर मिश्रण पातळ पडून हेड तापतं आणि ठोका येतो. २८ मिमीवर मेन जेट ११०, पायलट २५ आणि एअर स्क्रू दीड फेरा इथून सुरुवात करा, मग प्लगचा रंग बघून बदला. कार्बोरेटरचा फ्लँज वाकलेला असेल तर हवा खेचली जाते. आयडलवर जोडाच्या कडेला थोडं घट्ट इंजिन ऑइल बोटाने लावा. आवाज बदलला की गळती तिथेच.

३. रंगाची खूण

पिवळ्या ऑइल पेंटची छोटी डबी आणि बारीक ब्रश आणा. प्रत्येक फाउंडेशन नट, हेड स्टेचे नट, गिअरबॉक्स धरणारे नट आणि फूटरेस्टचा लांब स्टड या सगळ्यांवर नटापासून प्लेटवर जाणारी एक सरळ रेघ मारा. बोल्टच्या डोक्यावरही, कारण कधी कधी नट नाही तर बोल्टच फिरतो. वाळू द्या आणि ५० किलोमीटर चालवून या. मग दर ५० ला बघा.

सगळ्यात आधी जी रेघ तुटते, दोष तिच्या आसपास असतो. पुढच्या प्लेटची तुटली तर बहुधा मागे किंवा वर पकड कमी आहे आणि पुढचा बोल्ट एकटा झुंजतोय. हेड स्टेची आधी तुटली तर खाली काहीतरी हलतंय. गिअरबॉक्सच्या नटाची तुटली तर चेनचा ताण गिअरबॉक्सला मागे ओढतोय. सगळ्याच रेघा थोड्या थोड्या सरकल्या तर पुढची चौथी तपासणी, आणि त्यातही आधी पावडर कोटिंग.

४. इंजिनाची बैठक

या पोस्टमधली सगळ्यात वेळखाऊ पायरी हीच, आणि बहुतेक गाड्यांचा आजार इथेच बरा होतो. लागेल ते: रिंग पाने, फीलर गेज, व्हर्निअर, एक जॅक आणि लाकडी फळी.

आधी पावडर कोटिंग. इंजिन बदलताना फ्रेम आणि प्लेट्स चकचकीत करून घेण्याची पद्धत आहे, आणि कोटिंग करणारा ते सगळीकडे सारखंच मारतो, बोल्टखालीसुद्धा. प्लेटच्या दोन्ही बाजू आणि फ्रेमच्या कानाच्या बाजू मिळून एका बोल्टखाली चार-चार थर येतात. ते प्लास्टिकच आहे. उष्णतेने आणि दाबाने बसतं, आणि जेवढं बसतं तेवढा बोल्टचा ताण जातो. सुरुवातीला नट फिरलेला नसतो, रंगाची रेघ शाबूत असते, तरी बोल्ट सैल! मग हळूहळू रेघाही सरकतात. जिथे जिथे वॉशर, प्लेट किंवा कान एकमेकांना टेकतात तिथला थर खरवडून उघडं लोखंड काढा, ग्रीसचा पुसट हात द्या आणि मग जोडा. गंजाची भीती असेल तर जोडल्यानंतर कडेने रंग लावा.

आता बैठक. गाडी डबल स्टँडवर, क्रँककेसखाली फळी ठेवून जॅकचा हलका आधार. टाकी उतरवा, हेड स्टे पूर्ण काढा, बेंड पाइपचा (हेडमधून निघणाऱ्या सायलेन्सरच्या नळीचा) क्लॅम्प सैल करा. उरलेले सगळे फाउंडेशन नट दोन-दोन फेरे सैल करा, काढू नका. इंजिन फ्रेमचाच भाग असल्यामुळे सगळे बोल्ट एकदम काढले तर पुढची नळी किंचित उघडते आणि मग भोकं जुळवणं हीच नवी कटकट होते.

इंजिन थोडं हलवून आपल्या जागी बसू द्या आणि एकेक स्टड तपासा. जॅक थोडा वर-खाली केल्यावर स्टड बोटाने सरकला पाहिजे. हातोडी लागत असेल तर भोकं एका रेषेत नाहीत. अशा ठिकाणी ठोकून घातलेला स्टड इंजिनाला सतत एका बाजूला ओढत राहतो, आणि इंजिनाचा प्रत्येक फटका त्या ताणात भर घालतो.

मग फटी. प्लेट आणि क्रँककेसच्या कानामध्ये फीलर गेज घाला. ०.२ मिमीपेक्षा जास्त फट असेल तर ती बोल्ट आवळून मिटवू नका. लेथवाल्याकडून तेवढ्याच जाडीचा सपाट पोलादी वॉशर करून घ्या. स्प्रिंग वॉशरची चळत लावून फट भरलेली फार दिसते. ती दाबली जाते, परत उघडते, आणि तिथूनच बोल्ट सैल व्हायला सुरुवात होते. अल्युमिनियमचा कान तर बोल्टने ओढून वाकवायचाच नाही. तो वाकत नाही, तडकतो.

भोकांचा आकार बघा. जुन्या गाड्यांचा स्टड ३/८ इंची असतो, म्हणजे ९.५ मिमी. ९.५ च्या ड्रिल बिटची गुळगुळीत दांडी भोकात घालून हलवा. भोक लंबगोल झालं असेल किंवा ९.८ च्या वर गेलं असेल तर ती प्लेट बदला. वेल्डने भोक भरून पुन्हा पाडणं टाळा, वेल्डच्या कडेची प्लेट तिथूनच फुटते. नवी प्लेट कापून घेताना मूळ प्लेटची जाडी मोजून तेवढीच ठेवा. ३ मिमीच्या पत्र्याची प्लेट दिसायला तशीच दिसते, पण दोन महिन्यांत वाकते.

स्टडबद्दल तीन गोष्टी. त्याचा गुळगुळीत भाग भोकाच्या आत पूर्ण बसला पाहिजे. आख्खा आट्यांचा रॉड कापून घातला तर आटे कानसासारखे भोक खातात. पोलाद ८.८ ग्रेडचं घ्या. आणि आटे जुळवा: जुन्या बुलेटवर इंचाला २६ आटे असतात, बाजारातला साधा १० मिमीचा नट दीड मिमी पिचचा. तो पाना लावून 'बसवता' येतो. आटे मरतात आणि ताण कधीच धरला जात नाही. स्टडच मिळत नसेल तर स्टड आणि नट दोन्ही मेट्रिक करा, पण मग प्लेट आणि कान यांची भोकं रीमरने १० मिमीची करून घ्यावी लागतात. ते काम हातातल्या ड्रिलने करू नका.

आवळण्याचा क्रम: आधी गिअरबॉक्स आणि क्रँककेस एकमेकांना धरणारे नट, मग मागच्या प्लेट्स, मग खालचा स्टड, मग पुढच्या प्लेट्स. दोन हप्त्यांत, पहिल्यांदा हलके, दुसऱ्यांदा पूर्ण. हेड स्टे सगळ्यात शेवटी. साधा रिंग पाना पुरे, पाइप नको. मध्यम ताकदीचं थ्रेड लॉक किंवा सेल्फ लॉकिंग नट वापरा. नायलॉनचा नट हेडजवळ नको, तिथल्या उष्णतेने नायलॉन मऊ पडतं. गाडी एकदा पूर्ण गरम करून, पूर्ण थंड झाल्यावर पुन्हा आवळा आणि नव्या रेघा मारा.

५. हेड स्टे

हेडपासून वरच्या नळीपर्यंत जाणारी ही छोटी पट्टी इंजिनाचं डोकं डोलू देत नाही. खालचे बोल्ट कितीही पक्के असले तरी इंजिन त्यांच्याभोवती पुढे-मागे झुलायला बघतं. वरची पकड नसेल तर तो सगळा झोल पुढच्या प्लेटवर येतो. ३५० चा स्टे ५०० च्या हेडला ओढूनताणून जोडलेला असतो, किंवा 'बसत नाही' म्हणून काढूनच टाकलेला असतो.

स्टे सैल असताना त्याची भोकं हेडच्या आणि फ्रेमच्या भोकांवर आपोआप आली पाहिजेत. येत नसतील तर नवा स्टे करा, लांबट भोक चालेल, ओढून बसवणं नाही. बोल्टचं डोकं टाकीच्या खालच्या पत्र्याला टेकत नाही ना ते बघा. टाकीला तिथे घासून भोक पडलं की पेट्रोल थेट गरम हेडवर.

नवा स्टेही तुटत असेल तर आणखी जाड करू नका. तो तुटतोय याचा अर्थ खाली हालचाल आहे. चौथ्या तपासणीकडे परत जा.

६. चेनची रेषा आणि कुश रबर

इंजिनाबरोबर गिअरबॉक्सही सरकतो. पुढच्या प्लेटला डावीकडे दोन आणि उजवीकडे एक वॉशर लागला, की पुढचं स्प्रॉकेट मागच्याच्या रेषेतून बाहेर. मागच्या स्प्रॉकेटच्या सपाट बाजूला सरळ अल्युमिनियमची पट्टी धरून पुढे न्या. दीड मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर दुरुस्ती वॉशर अदलाबदल करून इंजिनाच्या बाजूने करा. मागचं चाक तिरकं करून चेन सरळ करू नका, गाडी तिरकी धावेल. दोन्ही चाकांच्या बाजूने दोरा ताणून चाकंही बघा: पुढे ३.२५ आणि मागे ३.५० टायर असेल तर पुढच्या टायरजवळ प्रत्येक बाजूला सुमारे ३ मिमी मोकळी जागा राहिली पाहिजे, दोन्हीकडे सारखी.

चेनचा ढिलेपणा गाडीवर माणूस बसवून, चाक फिरवत सगळ्यात ताठ जागी मोजा. २५ मिमीच्या आसपास. ताठ जागा आणि ढिली जागा यांत मोठा फरक असेल तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदला.

थ्रॉटल सोडताना येणारा 'खट्ट' बहुतेकदा मागच्या हबमधल्या, झटका झेलणाऱ्या कुश रबरांचा. ते स्वस्त आहेत, ५०० चं इंजिन टाकतानाच बदलायला हवेत.

इथेच एका दाताची गोष्ट. ३५० च्या गिअरबॉक्सवर १६ दातांचं स्प्रॉकेट, ५०० वर १७. मागे ३८, प्रायमरी २५ आणि ५६. १६ दातांवर ८० च्या वेगाला इंजिन सुमारे ३,५०० फेऱ्यांवर असतं, १७ वर सुमारे ३,३०० वर. ५०० ला ओढायला फेऱ्या कमी लागतात. १६ ठेवून उगाच फिरवत ठेवलं की हादरा आहे त्या वेगालाच बसतो. इतक्या कमी खर्चात इतका आराम देणारा दुसरा बदल या गाडीत नाही.

प्रायमरी कव्हर उघडलंच तर प्रायमरी चेनचा ढिलेपणा सगळ्यात ताठ जागी ६ मिमी ठेवा, आणि अल्टरनेटरच्या रोटरभोवती सगळीकडे ०.२ मिमीचं फीलर फिरतंय ना ते बघा. एका बाजूला घासल्याची चमक दिसली तर आधी स्टेटर नीट मध्यावर बसवा. त्यानंतरही चमक आली तर क्रँकची मेन बेअरिंग सैल आहे, सरळ नवव्या मुद्द्याकडे जा.

७. क्लच

केबलला २-३ मिमी ढील आहे का ते आधी. ती असूनही चढावर क्लच सरकत असेल तर बघा, ३५० चा तीन प्लेटचा क्लच तसाच राहिलाय का. ५०० ला चार प्लेटचा येतो. जाड स्प्रिंगा टाकून तीन प्लेटवर काम भागवू नका: लिव्हर जड होतो आणि प्रेशर प्लेट वाकडी उचलते.

८. फ्रेमच्या चिरा

मागच्या सगळ्या पायऱ्या करूनही रेघा तुटत असतील तर फ्रेमकडे बघा. हेडस्टॉकखालचे (हँडल फिरतं त्या नळीखालचे) सांधे, पुढची नळी जिथे प्लेट धरते तो भाग, मागच्या प्लेट्सचे कान, स्विंग आर्मची पिव्हट. रंग खरवडा, रॉकेल लावून दहा मिनिटं थांबा, कोरडं पुसा आणि पांढऱ्या खडूची भुकटी चोळा. चीर असेल तर तिच्यातलं रॉकेल झिरपून खडूवर ओली रेघ उमटते. शंका राहिली तर वर्कशॉपमधून डाय पेनिट्रंट टेस्ट करून घ्या.

हेडस्टॉक किंवा पिव्हटजवळ चीर सापडली की गाडी चालवायची नाही. गॅरेजपर्यंतसुद्धा नाही, टेम्पोत टाकून न्या. पितळेने झाळलेल्या सांध्यावर कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडून आर्क मारून घेऊ नका. पितळ जळतं, सांधा वरून धरलेला दिसतो आणि आतून सुटतो. फ्रेम जिगवर लावून सरळ तपासणारा आणि ब्रेझिंग जाणणारा कारागीरच हवा. क्रँककेसचा तडकलेला कान टिग वेल्डिंगने भरता येतो, पण इंजिन पूर्ण उघडून, आणि नंतर कानाची बाजू मशीनवर सपाट करूनच.

चिरा नसल्या तरी या टप्प्यावर दोन गोष्टी राहून गेलेल्या नाहीत ना ते बघा, त्यांचा हादऱ्याशी संबंध नसला तरी. पहिली, ब्रेक. ३५० चा पुढचा ६ इंची सिंगल लीडिंग ड्रम या ताकदीला अपुरा आहे. ५०० चा ७ इंची ट्विन लीडिंग ड्रम हब, प्लेट, केबल आणि प्लेट अडवणारा फोर्कचा टेकू यांसकट बसवा. टेकू नीट न बसवता नुसतं चाक बदललं तर ब्रेक मारताच ड्रमची प्लेट फिरू शकते, आणि पुढचं चाक जाम होतं.

दुसरी, कागद. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही, त्यामुळे इंजिन बदलण्याआधी आरटीओची परवानगी घ्या. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली विनापरवाना बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. गाडी ५० वर्षांहून जुनी असेल तर आणखी विचार करा: २०२१ च्या नियमांनुसार 'व्हीए' मालिकेतली व्हिंटेज नोंदणी मूळ रूपातल्या गाडीलाच मिळते आणि इंजिनातला बदल त्यात बसत नाही. अशा गाडीचं मूळ नंबरचं ३५० इंजिन विकू नका. प्लगमधून ऑइल घालून, तोंडं बंद करून जपून ठेवा.

९. क्रँक

इथपर्यंत सगळं नीट असूनही उभ्या गाडीत हादरा तसाच असेल तर कारण इंजिनाच्या आत आहे, आणि इथून पुढचं काम घरी करायचं नाही.

एका सिलिंडरच्या इंजिनात पिस्टनचं वजन पूर्ण तोलता येत नाही. फ्लायव्हीलवरच्या वजनाने त्याचा काही हिस्साच तोलला जातो. उरलेला हादरा सिलिंडरच्या दिशेने, म्हणजे वर-खाली येतो. फ्लायव्हीलचं वजन वाढवलं तर तोच हादरा पुढे-मागे जातो. तो हिस्सा त्या इंजिनाच्या पिस्टनसाठी ठरवलेला असतो. म्हणूनच विचारायचा खरा प्रश्न: हे मुळात ५०० चं इंजिन आहे, की ३५० च्या खालच्या भागावर ५०० चा ब्लॉक चढवलाय? ८४ मिमीचा ब्लॉक ३५० च्या क्रँककेसमध्ये तोंड मोठं केल्याशिवाय उतरत नाही. ब्लॉक काढून बघा: तोंडाच्या कडेला लेथची ताजी खूण आणि पातळ झालेली भिंत दिसली तर फ्लायव्हील ३५० चेच असण्याची शक्यता मोठी. जड पिस्टन आणि हलकी तोलवजनं या जोडीचा हादरा कुठलीही प्लेट, रबर किंवा बोल्ट थांबवणार नाही.

ब्लॉक निघालाच आहे तर कनेक्टिंग रॉड टीडीसीला धरून सरळ वर-खाली ओढून बघा. डावी-उजवीकडची थोडी हालचाल चालते. वर-खाली जराही 'टक' जाणवला तर बिगएंड (रॉडचं खालचं बेअरिंग) गेला. गाडी आधीपासून लोडवर खोल ठोकत असेल तर ब्लॉक काढेपर्यंतही चालवू नका, तुटलेला रॉड क्रँककेस फोडून बाहेर येतो.

क्रँकचं काम देताना मोघम 'बॅलन्स करून द्या' म्हणू नका. पिस्टन, रिंगा, पिन आणि सर्क्लिप गाडीतलेच नेऊन द्या, म्हणजे तोल त्यांच्या वजनावर लावला जाईल. बॅलन्स फॅक्टर (वर सांगितलेला तोललेला हिस्सा) किती ठेवला तो लिहून घ्या. आणि क्रँक दोन सेंटरमध्ये धरून डायल गेजवर फिरवून दाखवायला सांगा: दोन्ही शाफ्टचा रनआउट (फिरताना येणारी डगमग) ०.०५ मिमीच्या आत हवा. फिरवून दाखवायला तयार नसेल त्या दुकानातून क्रँक उचला आणि दुसरीकडे न्या.